बर्फाच्या लग्नाची रजा

जमालुद्दीन नाखव्याचं तोंड मिटलेलं पाहिलंय, असं सांगणारा माणूस त्या सालापर्यंत सौदीतल्या कतीफमध्ये कुणी नव्हता. गडी मूळचा हर्णैचा. बापजाद्यांनी एका होडीतून दुसऱ्या होडीशी बोंबलून बोलण्यात हयात घालवलेली, त्यामुळे मांडीला मांडी लावून बसलेल्याशीही हा असा बोलायचा की ऐकणाऱ्याला वाटावं आपण समुद्रात पडलोय. कतीफच्या बर्फाच्या कारखान्यात तो मुकादम होता. तिथलं यंत्र दिवसभर धडधडायचं, आणि जमालुद्दीन दिवसभर त्याच्यावर आवाज चढवून बोलायचा. यंत्र अधूनमधून बंद तरी पडायचं.

आखाताची लढाई पेटली आणि भोंगे वाजायला लागले. विषारी वायू सोडणार अशी आवई उठली. कारखान्याचा मालक आणि सगळ्या कामगारांचा कफील, म्हणजे त्यांचे पासपोर्ट खणात ठेवणारा जामीनदार, अबू उसामा तसा दिलदार माणूस, पण घाबरला की चिक्कू व्हायचा. त्याने जमालुद्दीनच्या खोलीतल्या तिघांत मिळून गॅसचा मुखवटा आणून दिला. एक! खोलीत जमालुद्दीन स्वतः हिंदुस्थानचा, टेक बहादूर नेपाळचा आणि गुलाम मेहदी पाकिस्तानचा, स्कर्दूच्याही वर डोंगरात राहणारा बलती. तीन देश, एक मुखवटा. मोठमोठ्या परिषदांत होतं तेच झालं. आधी आरडाओरडा, मग रुसवा, मग चहा. शेवटी टेक बहादूर आणि मेहदी यांनी एकमताने ठरवलं की मुखवटा जमालभाईलाच द्यावा, तेवढाच कानाला आराम. कसला आराम घेऊन बसलात! हा पठ्ठ्या मुखवट्याच्या आतूनही बोलत राहिला, वाफेने काचा धुरकटल्या, आणि भोंगा थांबल्यावर बाहेर पडताना त्याने दारावर कपाळ आपटून घेतलं. अख्ख्या लढाईत त्या खोलीतला जखमी तेवढा एकच.

अबू उसामाला जमालुद्दीनच्या नावाची गंमत सापडली होती. अरबीत जमाल म्हणजे देखणेपण, आणि तोच शब्द जरा आखडून म्हटला की होतो जमल, म्हणजे उंट. नाखव्याच्या थोबाडाकडे बघून अबू उसामाने पहिल्याच दिवशी ठरवलं की आखडूनच म्हणायचं. जमालुद्दीन ऐकून घेणाऱ्यातला थोडाच होता!

"उंट ओझं वाहतो आणि गप ऱ्हातो," तो तोडक्यामोडक्या अरबीत म्हणायचा. "मी ओझं वाहणार नाय, गपही बसणार नाय. मुकादम हाय मी."

बर्फाच्या बाबतीत मात्र माणूस पक्का खडूस. पत्र्याचे उंच डबे गोड्या पाण्याने भरायचे आणि मिठाच्या गारढोण पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवायचे, की आतल्या पाण्याची लादी होते. पाणी कडेकडून गोठत आत येतं आणि त्यातला सगळा मळ मधोमध लोटला जातो. ते मधलं गढूळ पाणी वेळेवर उपसून तिथे ताजं ओतलं, तर लादी काचेसारखी निघते. जमालुद्दीनच्या लादीतून पलीकडचा माणूस दिसायचा. कोळी लोक होड्यांसाठी त्याचा बर्फ मागून न्यायचे आणि हा वर त्यांनाच शिव्या घालायचा, की असल्या सडक्या मासळीवर माझा बर्फ वाया जातोय.

आणि एवढ्या बोलघेवड्या माणसाच्या नशिबी गुलाम मेहदी आला होता. मेहदीची तऱ्हा अशी की पाठीवर गोणपाट टाकून अर्धी लादी उचलली की ती खाली ठेवेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, आणि वाटेत कुठे टेकवायचाही नाही. जमालुद्दीन मागून ओरडायचा, "अरे मेहदी, गाडी मागच्या दाराला लागलीय!" मेहदी आपला पुढच्याच दाराला जाणार, लादी सावकाश उतरवणार, पाठ सरळ करणार आणि मग वळून अदबीने विचारणार, "जी, जमालभाई?" जमालुद्दीनच्या तळपायाची आग मस्तकात जायची. त्याने मेहदीचं नाव मुका ठेवलं होतं.

फेब्रुवारी सरता सरता कुवेतच्या तेलविहिरी पेटल्या. आगी लावून लावणारे निघून गेले आणि धूर मात्र मुक्कामाला आला. भर दुपारी मोटारी दिवे लावून फिरायला लागल्या. दोरीवरचे सदरे धुतल्यापेक्षा मळके होऊन परत यायचे. टाकीतल्या डब्यांवर काजळीची साय धरायची आणि लादीच्या पोटात काळी शीर उठायची. जमालुद्दीन डबे झाकायचा, पाणी गाळायचा, उपसायचा आणि प्रत्येक उपशाला त्या विहिरींच्या मालकांच्या सात पिढ्या उद्धरायचा. समुद्रात तेल सांडल्यामुळे होड्या किनाऱ्यावर पडून होत्या, पण गिऱ्हाईक घटलं नव्हतं. जगभरचं सैन्य आसपास येऊन पडलं होतं आणि त्यांच्या भटारखान्यांना बर्फ हवा होता, तोही पांढराशुभ्र. अबू उसामाने फर्मान काढलं की सैन्य हलेपर्यंत कुणाला घरी जायची रजा नाही. खलास.

त्या काजळीच्या दिवसांतच एकदा जमालुद्दीनने मेहदीला गाठलं. लादी नुकतीच उतरवलेली होती, म्हणजे बोलायची परवानगी होती.

"पाठीवर बर्फ असला की तुझी जीभ का गोठते रे?"

"आमच्याकडे बर्फ असाच नेतात," मेहदी म्हणाला. "लग्नाला."

"कुणाच्या लग्नाला?"

"बर्फाच्या."

मग रात्री खोलीवर जेवताना मेहदीने जे सांगितलं ते ऐकून टेक बहादूरसुद्धा भाताचा घास हातात धरून बसला. डोंगरातल्या बर्फात म्हणे नर असतो आणि मादी असते. नर काळपट, दगडमातीने माखलेला, जागचा हलायचा नाही. मादी पांढरीनिळी, पाणी देणारी. पाणी कमी पडायला लागलं की वरच्या गावाने नवरा द्यायचा आणि खालच्या गावाने नवरी. त्यांचे तुकडे पाठीवर वाहून उंचावरच्या सावलीतल्या कपारीत न्यायचे आणि कोळसा-भुसा घालून पुरायचे. वाटेत बोलायचं नाही, ओझं टेकवायचं नाही, नाहीतर बर्फ बिथरतो. सगळं नीट झालं तर पिढीभराने तिथे नवा बर्फ धरतो आणि वाढत जातो. मेहदीच्या गावची हिमनदी त्याच्या पणजोबाने अशीच लग्न लावून आणली होती. नवरी उचलायचा मान त्यांच्याच घराचा.

जमालुद्दीन हसता हसता खाटेवरून खाली आला. "हळद लावताना वितळत नाय काय रे? आणि मधुचंद्र कुठं, शीतपेटीत? बारशाला बोलव हां, पाळणा मी देतो, पत्र्याचा!" पुढचे कितीतरी दिवस टाकीतून लादी वर निघाली की तो विचारायचा, "बघ रे मेहदी, मुलगा झाला की मुलगी?" मेहदी नुसता हसायचा. त्याला राग येत नाही, याचाच जमालुद्दीनला राग यायचा.

उन्हाळ्यात मेहदीच्या भावाने टेप भरून पाठवली. गावात वाचणारे कमी, म्हणून त्यांच्याकडे खुशाली कॅसेटवरूनच यायची. बलती बोली, पण मेहदी थांबवून थांबवून अर्थ सांगत होता. थंडीच्या अखेरीस बर्फ काळा पडला होता. बोट फिरवलं तर बोटाला काजळी लागत होती. मग पाणी वेळेच्या फार आधी आलं, पेरणीची वाट न बघता वाहून गेलं, आणि आता कोरड्या कालव्यात पोरं खेळताहेत. पाण्याच्या पाळीवरून ज्या दोन गावांनी एकमेकांच्या टाळक्यात फावडी घातली होती, ती एका चटईवर येऊन बसली होती. शरदात नवं लग्न लावायचं ठरलं होतं. नवरी तुझ्याच घराने उचलायची, भाऊ सांगत होता, आब्बांच्या पाठीत आता दम नाही आणि माझा पाय तुला ठाऊक आहे. तू आलास तर लग्न, नाहीतर या वर्षी राहिलं. पुढच्या वर्षापर्यंत गाव टिकेल की नाही ते खुदाला माहीत.

मेहदीने टेप बंद केली. "रजा मिळणार नाही," एवढंच म्हणाला.

"अरे पण कुवेतची काजळी तुझ्या गावाला?" जमालुद्दीन उसळला. "तिला काय विमानाचं तिकीट काढून दिलं कुणी? आणि आली चिमूटभर, तर तेवढ्याने डोंगर वितळतो काय?"

"दाई, धुराला इकामा, राहायचा परवाना, लागत नाही," टेक बहादूर म्हणाला. जमालुद्दीनला तो नेपाळी रीतीने दाई, म्हणजे थोरला भाऊ, म्हणायचा. "कफील नाही, पासपोर्ट नाही. हवं तिथं जातो, हवं तेव्हा जातो. आपल्या तिघांपेक्षा त्याचंच बरं चाललंय."

"आणि लग्नात कोळसा घालता ना तुम्ही? कोळसा चालतो, मग काजळीचंच वावडं का?"

"कोळसा खाली पुरतात, सावलीत," मेहदी म्हणाला. "काजळी वर बसते, उन्हात."

जमालुद्दीनला हे पटलं नाही. मेहदी खोटं बोलत नाही हे माहीत होतं, पण भाऊ कशावरून खरं बोलतोय?

दोनचार दिवसांनी धूर थोडा विरला आणि चांगलं ऊन पडलं. सैन्याची गाडी यायची होती, म्हणून दोन लाद्या बाहेर फळीवर काढलेल्या. वाऱ्याने दोन्हींवर काळी पूड बसली. जमालुद्दीनने टेक बहादूरला पुसायला सांगितलं आणि तो नमाजाला गेला. टेक बहादूरने एक पुसली आणि तेवढ्यात त्याला कुणीतरी यंत्राकडे बोलावलं. जमालुद्दीन परत येऊन बघतो तर पुसलेली लादी जवळजवळ होती तशी, आणि दुसरी निम्मी गायब!

"टेक्या! अर्धी लादी कुणाला विकलीस?"

"पशुपतीनाथाची शपथ, दाई!"

"चोर तो चोर आणि वर देवाला साक्षीला काढतोस?"

मेहदी जवळ आला. त्याने काळ्या लादीवरून हात फिरवला आणि तळवा पुढे केला. जमालुद्दीनने तो झटकून टाकला. दुसऱ्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवेल तर तो नाखवा कसला! त्याने नव्या दोन लाद्या काढायला लावल्या, एकीवर स्वतःच्या हाताने धुराड्याची काजळी भुरभुरवली, आणि खोकं टाकून दोघींच्या समोर ठाण मांडून बसला. कपाळाला आठ्या, जशी काही लादी पळूनच जाणार होती. पळून नाही गेली, पण डोळ्यांदेखत बसत गेली. काळीच्या अंगाखालून पाणी वाहून त्याच्या चपलेपर्यंत आलं तेव्हाही पांढरी ताठ उभी होती. सगळा जन्म बर्फात गेला, काजळीचा त्याला राग होता तो बर्फ घाण दिसतो म्हणून. ऊन तिच्यावाटे बर्फाला खातं हे कधी मनातच आलं नव्हतं.

"आयला," तो हळू म्हणाला. मग त्याला मेहदीच्या बापाची पाठ आठवली, कधी न पाहिलेली, आणि बारशाच्या पाळण्याचा आपलाच विनोद आठवून स्वतःचीच लाज वाटली. तो उठला आणि थेट अबू उसामाच्या कचेरीत गेला.

आता तिथे जाऊन बर्फाचं लग्न आहे असं सांगितलं असतं तर अबू उसामाने त्यालाच वेड्यांच्या इस्पितळात धाडलं असतं. म्हणून जमालुद्दीन एवढंच म्हणाला की मेहदीच्या घरी लग्न आहे.

"त्याचं तर झालंय."

"त्याचं नाय. घरातल्या मुलीचं. तो नसेल तर नवरी उचलणार कोण?"

"नाव काय मुलीचं?"

जमालुद्दीनचं तोंड डोक्याच्या पुढे धावायचं. बर्फाला अरबीत थल्ज म्हणतात. "थल्जा," तो म्हणून गेला.

"वा! बर्फासारखी गोरी असणार. आणि मुलगा?"

"काळा. वरच्या गावचा. थंड स्वभावाचा. जागचा हलत नाय."

"अगदी माझा जावई!" अबू उसामा खूश झाला. रजा देतो म्हणाला, पण एका अटीवर. मेहदीने घरी येऊन पासपोर्ट त्याच्या हातून घ्यायचा. त्याला स्वतः मुबारकबाद द्यायची होती, लग्नाची हकिकत ऐकायची होती आणि मुलीसाठी जरीचं कापड द्यायचं होतं.

ही बातमी घेऊन जमालुद्दीन नाचत खोलीवर आला, आणि मेहदीने मान हलवली. "मी खोटं सांगणार नाही. खोटं बोलून उचललेला बर्फ धरत नाही."

"अरे दोन वाक्यं!"

"एकही नाही."

टेक बहादूरने कपाळावर हात मारला. जमालुद्दीन येरझाऱ्या घालायला लागला, शिव्या द्यायला लागला, आणि मध्येच थांबला. "बोलूच नको की! अबू उसामाच्या घरी उद्या पाहुण्यांसाठी बर्फ जायचाच आहे. तू लादी उचल. पुढचं मी बघतो."

दुसऱ्या दिवशी अबू उसामाच्या दिवाणखान्यात गुलाम मेहदी पाठीवर अर्धी लादी घेऊन उभा राहिला, शेजारी जमालुद्दीन. खाली भारी इराणी गालिचा.

"मबरूक, मेहदी! ठेव ते खाली, बस."

मेहदी गप्प.

"आनंदाने घसा दाटलाय त्याचा," जमालुद्दीन म्हणाला.

"मुलाच्या बापाचं नाव काय?"

मेहदी गप्प. गोणपाटातून पाणी ठिबकायला लागलं.

"घराणं मोठं हाय," जमालुद्दीन म्हणाला. "फार जुनं. डोंगराइतकं जुनं."

"मुलगा करतो काय? बायकोला घालणार काय खायला?"

"खायला कशाला? ती दोघं मिळून दोन गावांना पाणी..." आणि जमालुद्दीनने जीभ चावली. एवढं आयुष्य मोकळी सोडलेली जीभ ऐन वेळी दगा देऊन गेली.

अबू उसामा पुढे सरकला. गालिच्यावर मेहदीच्या पायाशी ओला डाग पसरत होता. "उंटा," तो म्हणाला, "ही थल्जा कोण आहे? आणि हा माणूस ते खाली का ठेवत नाही?"

जमालुद्दीनने मेहदीकडे पाहिलं. मेहदीचे पाय थरथरत होते, ओठ मिटलेले होते. आता सगळं गेलं, ह्याची रजा गेली, ह्याचं गाव गेलं, आणि ते आपण घालवलं, असं वाटून नाखव्याला रडूच कोसळायचं राहिलं होतं. त्याने सगळं सांगून टाकलं. मोडक्या अरबीत, हातवारे करत, काळी लादी आणि पांढरी लादी, पणजोबा आणि नवरी, कोरडा कालवा, वाटेत बोलायचं नाही. "मी खोटं बोललो, तो नाय. तो एक शब्द बोलला नाय, तुम्हीच साक्षीला हात. मला काय ती शिक्षा करा."

अबू उसामा हसला नाही. त्याने ठिबकणाऱ्या पाण्याखाली तळवा धरला.

"माझ्या बापाच्या खजुरीच्या बागेत झरा होता," तो म्हणाला. "आम्ही पोरं त्यात उड्या मारायचो. चहूकडे पंप बसले आणि तो आटला. कुणी दोन माणसं एका चटईवर बसली नाहीत." मग त्याने विचारलं, "हे लग्न लावल्यावर बर्फ खरंच धरतो?"

"मला काय ठाऊक? मी मासळीच्या बर्फाचा माणूस."

अबू उसामाने खण उघडला, पासपोर्ट काढला आणि तो मेहदीच्या सदऱ्याच्या खिशात स्वतःच्या हाताने घातला. मेहदीने मान लववली, पाठीवरचं ओझं तसंच स्वयंपाकघरापर्यंत नेलं, उतरवलं, आणि परत येऊन म्हणाला, "शुक्रिया." जरीचं कापड त्याने घेतलं. नवरीवर पांघरायला चालेल म्हणाला.

जाताना मेहदी लग्नाचा दिवस सांगून गेला. शरदातल्या पौर्णिमेनंतरचा पहिला गुरुवार.

त्या गुरुवारपर्यंत विहिरी विझत आल्या होत्या. कारखान्यात रेडिओ लावला होता, लोक टाळ्या पिटत होते. जमालुद्दीन सकाळी आला, पाठीवर गोणपाट टाकलं आणि अर्धी लादी उचलली. मुकादमाने! टेक बहादूर बघतच राहिला. मग त्यानेही उचलली. दोघं गाडीकडे निघाले. गाडीवाल्याने काहीतरी विचारलं, जमालुद्दीन बोलला नाही. लादी ठेवायची, मुकाट परत यायचं, दुसरी उचलायची. पाठीवर काही नसतानाही त्याने तोंड उघडलं नाही, कारण तिकडे मेहदी अजून चढावर असणार होता. कोळी बर्फ न्यायला आले आणि शिव्या न मिळाल्यामुळे घाबरले. एकाने टेक बहादूरला हळूच विचारलं, घरी कुणी वारलं काय याच्या?

दुपारी अबू उसामा हलव्याचं ताट घेऊन आला. "उंटा, काही कळलं का तिकडचं?"

जमालुद्दीनच्या पाठीवर लादी होती. तो थांबला नाही, बोलला नाही. अबू उसामा रागावायच्या बेतात होता, मग त्याच्या ध्यानात आलं. त्याने रेडिओ बंद केला, ताट बाजूला ठेवलं आणि आवाज उतरवून टेक बहादूरला म्हणाला, "आज हा खरा उंट झाला."

सूर्य टेकला. डोंगरात तर केव्हाच मावळला असणार. जमालुद्दीनने शेवटची लादी उतरवली, कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली, डोळे पुसले आणि दिवसभरात पहिल्यांदा तोंड उघडलं.

"लागलं असेल आता," तो म्हणाला. "आयला, आणा तो हलवा. वऱ्हाड सकाळपासून उपाशी हाय."